यूविना क्यू: आधी अर्थ, मग गुण

स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळात क्यू हाती आला आणि यू नसला की नवा खेळाडू हबकतो. घाबरू नकोस. क्यूची सोंगटी एकच, १० गुणांची. यूच्या मात्र चार.

सगळ्यात आधी 'ची' शिक. क्यू-आय, दोनच अक्षरं. चिनी विचारातली प्राणशक्ती. माझ्या मते नवशिक्यासाठी याहून मोलाचा शब्द नाही. मग 'कनात' (qanat), म्हणजे इराणमधले जमिनीखालचे पाण्याचे बोगदे (आपल्या तंबूच्या कनातीशी याची गल्लत करू नकोस), आणि 'कॉफ' (qoph), हिब्रूतलं एक अक्षर.

नुसती घोकंपट्टी मात्र करू नकोस. इंग्रजीत क्यूमागे यू लावायची रीत इंग्लंड जिंकणाऱ्या फ्रेंचभाषक नॉर्मन लोकांच्या लेखनिकांमुळे रुळली. त्याआधी 'क्वीन'सुद्धा सी-डब्ल्यूने लिहीत. यूविना येणारे बहुतेक शब्द बाहेरून आलेले. 'फकीर' (faqir), 'निकाब' (niqab) बघ. अरबीतल्या 'क़ाफ' अक्षरासाठी तिथे क्यू वापरतात. हे शब्द तुला मराठीतूनच ओळखीचे आहेत, फक्त स्पेलिंग नवं. अर्थ कळला की शब्द ऐन वेळी आपणहून आठवतो.

खेळण्याआधी कोणता शब्दकोश मानायचा ते तेवढं ठरवून घे.