ताजमध्ये राहायला जाते आहेस तर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

नव्या हॉटेलचं काम सुरू करण्याआधी तुझं ऑफिस तुला एक रात्र कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये पाठवतंय, हे वाचून मनापासून आनंद झाला. ‘तिथे नेमकं काय बघू?’ असं तू विचारलंयस. पलंग, नळ, नाश्ता हे सगळं तुझ्या नजरेतून सुटणार नाहीच. तू भिंती बघ. तिथली चित्रं तिथे कशी आली आणि त्यांना कसं सांभाळलंय, ते बघ.

खोली शक्यतो जुन्या पॅलेस विंगमधली माग. हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 रोजी. समोरचा गेटवे पुरा झाला 1924 मध्ये. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. काम चालू असतानाच वैद्य वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते तडीस नेलं. इमारत चुकून उलटी, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, बांधली गेली, म्हणून वास्तुविशारदाने जीव दिला, ही गोष्ट तुला कुणीतरी ऐकवेलच. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत, म्हणून मूळ प्रवेश तिकडे होता. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे. एखादी जागा का अशी आहे, याचं उत्तर बहुतेक वेळा माणसं कुठून येत-जात होती यात सापडतं, आणि तुझ्या कामात हे पावलोपावली लागेल.

लिफ्ट विसर. मधल्या जिन्याच्या तळाशी हॉटेल उभारणाऱ्या जमशेटजी टाटांचा अर्धपुतळा आहे, तिथून पायी वर जा आणि प्रत्येक मजल्यावर कठड्याशी थांबून खाली नि वर घुमटाकडे बघ.

आता चित्रांकडे येतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला शेजारी ताजचाच नवा टॉवर उभा राहिला. अजित केरकर तेव्हा ताजचा कारभार बघत होते आणि सजावटीची सूत्रं एलिझाबेथ केरकर यांच्याकडे होती. त्या काळात ताजने आपल्याच चित्रकारांची कामं घेतली: हुसेन, गायतोंडे, राम कुमार, लक्ष्मण पै. आज ही नावं लिलावात गाजतात. 2021 मध्ये गायतोंड्यांचं एक चित्र जवळपास 40 कोटींना गेलं. पण चित्रं घेतली तेव्हा ही सगळी मंडळी हयात होती, रोज काम करत होती. पडद्याच्या रंगाला जुळणारी छापील चित्रं फुटाच्या भावाने मागवणारी हॉटेलं मी पुष्कळ बघितली आहेत, आणि दर वेळी जीव हळहळतो. तेवढ्याच पैशात जेजे कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांची खरीखुरी कामं लागली असती. तुझ्या क्लायंटशी यासाठी भांड.

लॉबीत हुसेन यांचं मोठं चित्र आहे. ते आधी लांबून बघ, मग जवळ जा. गायतोंड्यांचं काम सध्या कुठे लावलंय ते तिथल्या माणसांना विचार. विचारायला लाजू नकोस, तू पाहुणी आहेस. समोर उभी राहिलीस की तिरक्या नजरेने कॅनव्हासचा पृष्ठभाग न्याहाळ. गायतोंडे रोलरने रंग पसरवत, कागदाच्या तुकड्यांनी उचलत, पॅलेट नाइफने (रंगकामाच्या पातळ सुरीने) खरवडत. त्यामुळे एका थराखालून दुसरा थर डोकावतो. हे फोटोत येत नाही, म्हणून मोबाइल बॅगेत ठेव आणि निदान दहा मिनिटं एकाच चित्रापुढे काढ.

मग कारागिराच्या नजरेने बघ. चित्राचा मध्य जमिनीपासून किती उंचीवर आहे? सहसा तो पाच फुटांच्या आसपास असतो, पण लॉबीत बसणाऱ्यांची नजर वेगळी पडते. दिवा कुठल्या कोनातून येतो, काचेवर चकाकतो का? फ्रेमच्या मागे हवा खेळायला फट ठेवलीय का? समुद्र अगदी समोर आहे, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरायला वेळ लागत नाही. एसी दिवसा चालू, रात्री बंद असला तर कापड ताणतं-सैलावतं आणि रंगाला तडे जातात. हे सगळं वहीत आकृतीसकट उतरव.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात आग, धूर आणि पाणी चित्रांपर्यंत पोचलं होतं. जुना भाग 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा उघडला, त्याआधी खराब झालेली चित्रं कसबी हातांनी दुरुस्त झाली. लॉबीत त्या हल्ल्यात गेलेल्यांचं स्मारक आहे. तिथे थांब, नावं वाच.

मुक्कामाच्या पाहुण्यांना इमारत फिरवून दाखवतात, त्याची वेळ चेक-इन करतानाच विचारून घे. दुसऱ्या दिवशी सामान हॉटेलातच ठेवून पायी निघ: एनजीएमए (राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय) आणि जहांगीर आर्ट गॅलरी दोन्ही जवळ आहेत. जहांगीरमध्ये तुला जे काम आवडेल, त्या चित्रकाराशी बोल, नंबर घे, किंमत विचार. नव्या हॉटेलच्या भिंतींसाठी पहिली यादी तिथेच सुरू होऊ दे, आणि ती मला पाठव.

तुझे,
सर