पन्नासातली तीन मुलं

संस्थांच्या कामाचं मूल्यमापन इन्फोग्राफिकमधून, म्हणजे आकडे सांगणाऱ्या चित्रातून, कसं मांडावं, यावर इंदूरच्या वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

ताई, रामबागेजवळच्या वस्तीत आम्ही ५० मुलांचा वाचनवर्ग चालवतो. परिच्छेद सलग वाचणारी मुलं वर्षभरात ५२ टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेली. डिझाइन करणाऱ्या मुलाने स्तंभ ५० पासून सुरू केलेत. चित्र उठावदार दिसतं. चालेल का?

नाही. स्तंभ आपण उंचीवरून वाचतो. ५० पासून सुरुवात केली की पहिला स्तंभ २ उरतो, दुसरा ८. बघणाऱ्याला प्रगती चौपट वाटते. स्तंभ शून्यापासूनच उभे करा. रेषालेखात थोडी सूट घेता येते, कारण तिथे नजर चढ-उतार शोधते. आणि ‘६ टक्के वाढ’ असंही लिहू नका. ५२ चं ५८ होणं ही ६ टक्के-अंकांची वाढ. ५२ च्या तुलनेत ती साधारण साडेअकरा टक्के होते. दोन्हींची सरमिसळ फार ठिकाणी दिसते.

पण माझा जीव अडकला तो दुसऱ्याच गोष्टीत. ५० मुलांचे ५२ टक्के म्हणजे २६ मुलं आणि ५८ टक्के म्हणजे २९. तुमचं सगळं चित्र तीन मुलांवर उभं आहे! चाचणीच्या दिवशी तिघं तापाने घरी असती, तर आलेख सपाट झाला असता. इतक्या लहान गटात टक्के दाखवूच नका. मुलांच्या ५० आकृत्या काढा, २९ रंगवा. ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ऑटो नॉयराट यांनी व्हिएन्नात १९२० च्या दशकात हीच रीत रुजवली: संख्या वाढली तर चिन्ह मोठं करायचं नाही, त्याच आकाराची चिन्हं जास्त काढायची. कारण चिन्हाची उंची नि रुंदी दुप्पट केली, की त्याने व्यापलेली जागा चौपट होते.

शिवाय ही ५० मुलं दोन्ही वेळी तीच होती का? बांधकामावरची कुटुंबं झाबुआ-धारकडे परतली आणि नवी मुलं आली असतील, तर तुलना दोन वेगळ्या गटांची झाली. दोन्ही चाचण्या दिलेली मुलं किती, हे चित्राखाली ठळक छापा. बारीक अक्षरात नको.

सुदामा नगरात घरगुती खताचा उपक्रम केला. यशासाठी हिरवा, अपयशासाठी लाल रंग घेतलाय. बरोबर आहे ना?

रंग बदला. लाल-हिरव्यात गल्लत होणारे लोक असतात, पुरुषांत जास्त. त्यातून इंदूरकराला हिरवा डबा म्हणजे ओला कचरा आणि निळा म्हणजे सुका, हे झोपेतही ठाऊक आहे. तुमचा विषयच कचऱ्याचा, तेव्हा हिरव्याला तोच अर्थ राहू द्या. यशापयशासाठी गडद-फिकट छटा घ्या आणि आकडा स्तंभावरच लिहा.

याच उपक्रमात बऱ्याच घरांनी दोन महिन्यांत खत करणं सोडलं. समितीतले ज्येष्ठ म्हणतात, तेवढं गाळा.

गाळू नका, कृपा करून. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियाच्या युद्धातल्या ब्रिटिश सैनिकांच्या मृत्यूंची दोन वर्तुळाकार चित्रं शेजारी-शेजारी मांडली: स्वच्छतेच्या सुधारणांआधीचं वर्ष आणि नंतरचं. निळ्या पाकळ्या टाळता येण्याजोग्या रोगांच्या. जखमांनी मेलेल्यांपेक्षा त्या कितीतरी मोठ्या. स्वतःच्याच सैन्यव्यवस्थेचं अपयश त्यांनी झाकलं नाही, म्हणून तर ते चित्र कामाला आलं. तुमच्या चित्रात घरं कोणत्या आठवड्यात गळाली ते दाखवा. वास, अळ्या की जागेची अडचण, हे त्या घरांना विचारून शेजारीच लिहा. पुढच्या वर्षी पैसे कुठे घालायचे, हे देणगीदाराला त्यातूनच कळेल.

छापण्याआधी चित्र कुणाला दाखवावं?

ज्यांच्याबद्दल आहे त्यांना. ‘समजलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. ‘यात काय दिसतंय?’ असं विचारा आणि गप्प बसा. एकदा आम्ही ‘निम्म्या घरांपर्यंत पोहोचलो’ हे सांगायला अर्धा भरलेला माठ काढला होता. वस्तीतल्या मावशी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘नळाला पाणी कमी येतंय, हेच ना?’ आम्ही माठ काढून टाकला आणि दहा घरं काढली, पाच रंगवलेली.