दोघंही नोकरीला, ठाण्यात घरी पोचेपर्यंत आठ वाजतात. झटपट जेवण काय करावं आणि तोवर मुलीला कशात गुंतवावं?

तांदळाची उकड करा. एक वाटी तांदळाचं पीठ, एक वाटी आंबट ताक, दोन वाट्या पाणी, मीठ, चिमूटभर साखर हे सगळं गॅस लावण्याआधीच कालवून घ्या, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेलात मोहरी, हिंग, हळद, भरपूर ठेचलेला लसूण, मिरची, कढीपत्ता. मिश्रण ओतून सतत ढवळा. आधी पातळ वाटतं, मग एकदम आळतं. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटं वाफ. पिठाचा कच्चा वास गेला की झाली. वरून कच्चं तेल हवंच (तूपवाल्यांशी मी वाद घालत नाही). मुलीसाठी मिरचीचे मोठे तुकडे घाला, काढता येतात.

त्याच पिठाची खळ करा: अर्धा कप पाण्यात चमचाभर पीठ, घट्ट होईपर्यंत शिजवायचं. गार झाली की मुलीला द्या. जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या चिकटवू दे. दिवाळीआधी जांभळी नाक्यावरून पतंगाचा कागद आणलात, तर आकाशकंदिलाच्या करंज्याही (करंजीच्या आकाराचे कागदी भाग) यानेच चिकटतात. उरलेली खळ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. डब्यावर नाव मात्र लिहा, नाहीतर कुणीतरी पेज समजून गरम करेल.