डेपोजवळचं पाणी आणि शुक्रजंतू

प्रश्न : घरामागे कचरा डेपो आहे. बोअरचं पाणी उकळूनच पितो. दोन वर्षं मूल नाही. डेपोमुळे असेल का?

उत्तर : असू शकतं, पण सगळं खापर डेपोवर फोडू नका, पत्नीचीही तपासणी हवी. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळपट पाण्यात शिसं, कॅडमियम हे जड धातू असू शकतात आणि ते पाणी बोअरमध्ये उतरू शकतं. दोन्ही धातू शुक्रजंतूंना घातक. (सिगारेट ओढता? कॅडमियम तिथूनही येतं.) उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत, पाणी आटलं की उलट दाटतात. प्रयोगशाळेत बोअरच्या पाण्यातल्या जड धातूंची तपासणी करून घ्या, तोवर दुसरं पाणी प्या. वीर्याचा नमुना 2 ते 7 दिवसांच्या संयमानंतर (या काळात वीर्यपतन नको) द्या. घरून नेणार असाल तर खिशात, अंगाच्या उबेत, तासाभरात पोहोचवा. शुक्रजंतू घडायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी.