एक लाख ल्युमेनची बॅटरी

पाऊस तोंडावर आला की टॉर्चवरची पत्रं दरवर्षी येतात, यंदा चार आलीत, म्हणून या वेळी दुसरं काही न घेता हीच घेतोय.

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडे एक आठवडा दिवसा लाईट, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की उसात दारं धरायला (पाणी द्यायला) जावं लागतं. जुनी चार्जिंगची बॅटरी बसली. ऑनलाईन चायनाच्या बघतोय, एकीवर १ लाख ल्युमेन लिहिलंय आणि हजाराच्या आत आहे, दुसरी वर्कोस एफसी११ नावाची, तिच्यावर फक्त १३०० आणि किंमत दुपटीहून जास्त. बिबट्या आहे, सापकिरडूही आहे. कुठली घेऊ?

उत्तर : दादा, १३००वाली घ्या. (तुमच्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात हे माहितीये, पण गोंधळ नको म्हणून मी टॉर्चला टॉर्च आणि आतल्या बॅटरीला सेल म्हणतो, विजेरी म्हणा असं सुचवणाऱ्या वाचकांची माफी मागून.)

आता १ लाखाचं बघा. ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. घरात जो ९ वॉटचा एलईडी बल्ब असतो ना, त्याच्या खोक्यावर ८००-९०० ल्युमेन असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे १ लाख म्हणजे असे शंभरावर बल्ब, आणि ते मुठीत. टॉर्चमध्ये एका वॉटला साधारण शंभर-सव्वाशे ल्युमेन पडतात असं धरलं तर १ लाखाला ८०० ते १००० वॉट लागणार, ही कपड्यांच्या इस्त्रीची ताकद झाली. आणि आत सेल कुठला, तर बहुतेक वेळा १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, त्यात अगदी चांगल्या कंपनीचा असला तरी तेराएक वॉट-अवर वीज मावते. हजार वॉटनं जाळा ती, पाऊण मिनिटात खेळ खलास, आणि तेवढ्यात टॉर्चची खरोखरच इस्त्री झालेली असेल. तेव्हा तो आकडा म्हणजे नुसती शाई.

तीच गत सेलवरच्या आकड्याची. १८६५० मापाच्या खऱ्या सेलची कपॅसिटी (किती वीज मावते ते, एमएएचमध्ये मोजतात) आजही ३५००, फार तर ४००० एमएएचच्या आसपासच थांबते, आणि बाजारात ९९०० लिहिलेले सेल ढिगानं मिळतात. मी स्वतः फसलोय. शहरातल्या एका फुटपाथवरच्या स्टॉलवरून टॉर्च घेतली, दुकानदारानं समोरच्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर झोत मारून दाखवला, मी खूश, आणि त्याच आठवड्यात हरिश्चंद्रगडावरून पाचनईकडे उतरताना अंधार पडला, टॉर्च लावली तर पाऊण तासात ती मलूल पिवळी होऊन बसली, पुढची वाट मित्राच्या मोबाईलच्या उजेडात. घरी आल्यावर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर सेल ठेवला तर २८ ग्रॅम भरला. खरा १८६५० सेल पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम भरतो. अशा हलक्या सेलच्या पत्र्याआड आणखी छोटा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी भरलेली निघाल्याची उदाहरणं आहेत, पण ते बघायला सेल कापू मात्र नका, लिथियम आहे, पेट घेतं. काट्यावर ठेवला की पुरे.

मग भरवसा कशावर ठेवायचा? खोक्यावर एफएल१ लिहिलंय का बघा. २००९ मध्ये अमेरिकेत ठरलेली टॉर्च मोजायची ही पद्धत आहे. त्यात ल्युमेन म्हणजे एकूण उजेड, कँडेला म्हणजे झोताची धार, आणि किती मीटर जातो तो आकडा म्हणजे जिथं पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड उरतो तिथवरचं अंतर. २०० मीटर लिहिलं असेल तर नीट ओळखू येईल असं शंभरेक मीटरच धरा. आणि किती तास चालते तो आकडा तर उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा असतो, त्यामुळं ‘१२ तास’ वाचून हुरळायचं नाही, त्यातले बरेचसे तास टॉर्च नुसती मिणमिणत असते. एफएल१ छापलं म्हणजे खरंच मोजलं असं नाही म्हणा, छापायला कुणाचं काय जातं, पण छापणाऱ्याला निदान हे शब्द माहीत असतात.

उसात तुम्हाला हवं काय, तर १५०-३०० ल्युमेन, सलग चार तास, पायापाशी पसरट. हिशोब सोपा आहे, ३०० ल्युमेनला तीनेक वॉट, तेरा वॉट-अवरचा सेल, चार तास निघतात. १३०० ल्युमेन या टॉर्चला झेपतात पण काही मिनिटंच, मग अंग तापतं आणि ती स्वतःच उजेड उतरवते. तो बिघाड नाही, तिला अक्कल आहे म्हणायचं. स्वस्तातल्याला ती नसते, सेल उतरेल तसा उजेड उतरत जातो.

रंगाचं मात्र नीट ऐका, ल्युमेनपेक्षा तुमच्या कामाला हेच जास्त येईल. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो, ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) किंवा त्याहून वर, आणि तपकिरी रंग त्यात मरतात, सगळं राखाडी दिसतं. पाचटात (उसाच्या वाळलेल्या पानांत) पडलेली घोणस ही तपकिरीवर तपकिरी असते, फुरसं तर त्याहून लहान. ४००० ते ५००० केल्विनचा, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० लिहिलेला उजेड घ्या, त्यात पाचट पाचटासारखं आणि साप सापासारखा दिसतो. एफसी११मध्ये असा एलईडी मिळतो म्हणूनच मी ती सुचवली. तिच्या शेपटीला लोहचुंबकही आहे, स्टार्टरच्या पेटीला चिकटवली की फ्यूज बघायला दोन्ही हात मोकळे.

गवतात हिरवट-निळे बारीक ठिपके चमकले तर घाबरू नका, ते बहुतेक कोळ्यांचे डोळे. मोठे, जोडीनं आणि गुडघ्याच्या वर चमकले तर मात्र पुढं जाऊ नका. टॉर्च बिबट्या लांबून दिसावा म्हणून असते, त्याला हुसकवायला नाही. आणि टॉर्च कितीही भारी घेतली तरी गमबूट आणि काठी सोडायची नाही.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितेय. आमचा ट्रेकचा ग्रुप आहे, पावसाळ्यात कळसूबाई नाईट ट्रेक करतो. झूम होणारी, पुढं-मागं सरकवायची टॉर्च स्वस्त मिळतेय, घ्यावी का? आणि मोडमध्ये ते लुकलुकणारं प्रकरण कशाला असतं?

उत्तर : ताई, झूमवाली पावसात नको. पुढचं तोंड सरकवताना ती पिचकारीसारखी हवा आत ओढते, आणि हवेबरोबर पाणी. एकदा का भिंगाला आतून दव धरलं की पुढं सगळं धूसर. झूम नसलेली, निदान आयपीएक्स७ लिहिलेली घ्या, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवी. निघायच्या आदल्या दिवशी बादलीत बुडवून बघा, गळणार असेल तर घरीच गळलेली बरी. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे, सह्याद्रीतल्या पावसाला शिंतोडे म्हणायची माझी हिंमत नाही.

मुख्य म्हणजे कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, एका हातात टॉर्च आणि एका हातानं ओली शिडी असला उद्योग करू नका, डोक्याला लावायची हेडटॉर्चच हवी. फक्त धुक्यात ती उलटते. उजेड डोळ्याशेजारून निघतो, धुक्यावर आपटून डोळ्यात परत येतो, समोर पांढरी भिंत. अशा वेळी शिडी नसेल तिथं ती काढून कमरेच्या उंचीला हातात धरा, वाट दिसायला लागते.

लुकलुक मोड असलाच तर शेवटी हवा, किंवा बटण धरून ठेवल्यावर लागणारा. स्वस्त टॉर्चमध्ये फुल, मंद, लुकलुक असं चक्र असतं, मंद करायला दाबावं आणि अख्ख्या ग्रुपच्या डोळ्यात डिस्को सुरू. अजून एक, मंद मोडवर पडत्या पावसाकडे बघा, थेंब तुटक तुटक, एकावर एक मांडल्यासारखे दिसले तर समजा ती उजेड कमी करत नाही, भराभर चालू-बंद करतेय. चालून जातं तसं, पण तासाभरानं डोकं चढतं. मे-जूनमध्ये काजवे बघायला राजमाची-भंडारदऱ्याला जात असाल तर अगदी १-२ ल्युमेनचा मोड असलेली घ्या, आणि काजव्यांच्या झाडाखाली तीही बंद ठेवा.

सॅकमध्ये टाकताना मागचं झाकण पाव फेरा सैल करा. बऱ्याच टॉर्चचा त्यानं करंट तुटतो, नाहीतर सॅक उघडावी तर आत उजेड आणि सेल झोपलेला.

प्रश्न : नवीन टॉर्चला टाईप-सी पोर्ट आहे पण माझ्या फोनच्या चार्जरला लावली तर चार्जच होत नाही. बिघडलेली आली का?

उत्तर : बहुतेक नाही. तुमच्या चार्जरची वायर दोन्ही बाजूंनी टाईप-सी असणार. स्वस्त टॉर्चमध्ये दोन बारीक रेझिस्टर वाचवतात, ते नसले की असा चार्जर वीज सोडतच नाही. जुन्या चपट्या यूएसबीचा चार्जर आणि त्याची वायर घ्या, लागेल. तरीही नाही लागली तर परत करा. चार्जिंग लावून झोपू मात्र नका, आणि उशाशी तर अजिबातच नाही.

प्रश्न : मुलगा दुबईहून सुट्टीवर येतोय. पूर्वी अलीएक्सप्रेस या चायनाच्या ऑनलाईन बाजारातून कॉन्व्हॉय एस२ प्लस टॉर्च मागवली होती, ती अजून उत्तम आहे. आणखी दोन हव्यात. त्याला आणायला सांगू का?

उत्तर : सांगा की. २०२०च्या नोव्हेंबरात सरकारनं ४३ ॲप बंद केली त्यात अलीएक्सप्रेस गेलं, तेव्हापासून इथं जे मिळतं ते मधल्या विक्रेत्याच्या भावानं. सेल काढलेली टॉर्च त्यानं कुठल्याही बॅगेत टाकावी, पण सुटे सेल चेक-इन बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेत, ते पण प्लॅस्टिकच्या डबीत एकेक वेगळा. किल्ल्या आणि चिल्लरसोबत खिशात सेल टाकला तर तो शॉर्ट होऊन खिसाच पेटू शकतो. एस२ प्लसला स्वतःचं चार्जिंग नसतं, तेव्हा चार्जरही आणायला सांगा. आणि सेल ‘प्रोटेक्टेड’ घेणार असाल तर आधी लांबी विचारा, त्याला मागं छोटं सर्किट असतं त्यामुळं तो ६५चा जवळपास ७० मिलिमीटर होतो आणि काही टॉर्चचं झाकणच लागत नाही. तुमच्या जुन्या टॉर्चमध्ये सध्या जो सेल आहे तो पट्टीनं मोजा आणि मुलाला त्याचा फोटो पाठवा, दुकानात तेवढं दाखवलं की काम होईल.