पैठण ते नांदेड पोहायचंय? आधी बंधाऱ्यांची दारं कधी पडतात ते विचारा

भाऊ, लांबलांबच्या नद्या पोहून काढणाऱ्या मार्टिन स्ट्रेलचं वाचून तुला पैठण ते नांदेड गोदावरी पोहायची हौस आली आणि आता अर्ज 'अभिप्रायार्थ' या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय, असं लिहिलंयस. हे दुखणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे.

सराव, खाणंपिणं याबद्दल बोलत नाही, ते तुला कळत असणार.

स्ट्रेलनं २००७ मध्ये ॲमेझॉनचे ५,२६८ किमी ६६ दिवसांत कापले. म्हणजे रोजचे सरासरी ८० किमी. त्यात दंडाची ताकद आहेच, पण पाण्याची ओढही तितकीच. आपल्याकडे पैठणच्या खाली आपेगाव, हिरडपुरी, पुढे ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, शेवटी विष्णुपुरी, असे बंधारेच बंधारे. त्यांची दारं पडली, म्हणजे पाणी अडवायला खाली टाकली, की गंगा (आपली गोदावरीच) वाहायची थांबते, नुसती तळी उरतात. मग इंच न् इंच हातानं ओढायचा. नांदेडच्या खाली बाभळी बंधाऱ्याला तर सुप्रीम कोर्टानंच तारीख ठरवून दिलीय, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं वर. बाकीची पाऊसमान बघून पडतात. म्हणजे पूर ओसरल्यावर आणि दारं पडायच्या आत, एवढीच काय ती फट.

आणि माझी ती फट एका कार्यालयानं खाल्ली. नाव घेत नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधीच अर्ज दिला होता. आधी म्हणाले पाणी आमचं, पण माणूस आमच्या अखत्यारीत येत नाही. मग वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवलं. ते आलं तर 'पोहता येत असल्याचा सक्षम प्राधिकाऱ्याचा दाखला जोडा' असा शेरा! हा दाखला देतं कोण, हे त्या साहेबांनाही सांगता येईना. सोबतचे पोरं रजा टाकून बसलेले, नाववाल्याला इसार दिलेला. उत्तर हातात पडलं तेव्हा दारं पडून गेली होती. अजून डोकं तापतं, राव.

माझं मत, पटलं तर घे. नियम बदलले असतील तर स्वतः खात्री कर. नुसती 'परवानगी द्या' म्हणू नको, ती द्यायला कुणी धजत नाही. दारं कधी टाकणार आणि वरून पाणी कधी सोडणार, हे लेखी विचार. आवक नंबर टाकलेली पोहोच घेतल्याशिवाय हलू नको. तहसील आणि वाटेतल्या पोलीस ठाण्यांना नुसतं कळव. नाथसागरात, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यात, मात्र सराव करू नको, ते पक्षी अभयारण्य आहे, वनखात्याचं वेगळं लचांड मागं लागेल.

उन्हाला हसू नको. ॲमेझॉनवर स्ट्रेलचा चेहरा भाजून निघाला होता, उशीच्या अभ्र्याचा मुखवटा घालून पोहला बिचारा. वाळू उपसलेले डोह आणि भोयांची जाळी नकाशात दिसत नाहीत, म्हणून नाव त्याच गावच्या भोयाची घे, शहरातून भाड्यानं आणू नको. नांदेडच्या नाल्यांचं पाणी तोंडात गेलं तर काय, हे डॉक्टरला विचार, मी डॉक्टर नाही. गंगाखेडच्या खालचे दोन-तीन भोई माझ्या ओळखीचे आहेत, पाहिजे असतील तर निरोप टाक.