ग्लव्ह चांगला आहे, बॅटचं काय?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा अकरावीत आहे, डावखुरा. शाळेच्या बेसबॉल संघात फर्स्ट बेसवर (धावणाऱ्याच्या पहिल्या थांब्यावर) खेळतो. हातातून चेंडू सुटत नाही, बॅटिंग मात्र बेताची. कॉलेज नको, थेट व्यावसायिक बेसबॉल, असं म्हणतो. जुना फर्स्ट बेसवाला कीथ हर्नांडेझचा दाखला देतो. काय करावं?

उत्तर: नमस्कार. मुलाने दाखला मोठ्याचा दिलाय. हर्नांडेझने १९७८ ते १९८८ सलग अकरा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे उत्तम फील्डिंगचे पुरस्कार, पटकावले. समोरचा बंट करणार, म्हणजे बॅटने चेंडू हळूच जवळ ढकलणार, असा वास आला की हा पठ्ठ्या बेस सोडून पार पुढे धावायचा आणि चेंडू उचलून सेकंड किंवा थर्डवर फेकायचा. डावखुऱ्याला तिकडे फेकताना अंग वळवावं लागत नाही, म्हणून ही जागा त्याला मानवते. (मी क्रिकेटवाला. मला तो स्लिपमधला गडी वाटतो.)

पण १९७९ साली याच माणसाने .३४४ च्या सरासरीने नॅशनल लीगचं (दोन मुख्य व्यावसायिक लीगपैकी एक) बॅटिंगचं विजेतेपदही मिळवलं होतं, हे चिरंजीव सांगत नाहीत. फर्स्ट बेसवर संघ आधी बॅट बघतो, ग्लव्ह नंतर.

ग्लव्हसाठीच ओळखला गेलेला माणूस हवा असेल तर डग मिंटकेविच बघा. २००१ चा गोल्ड ग्लव्ह. २००४ मध्ये हंगामाच्या मध्यात बॉस्टनच्या संघात गेला आणि तिथे बरेचदा शेवटच्या काही इनिंगपुरता, फील्डिंगसाठी मैदानात यायचा. त्या वर्षीच्या वर्ल्ड सीरिजचा (अंतिम विजेतेपदाच्या मालिकेचा) शेवटचा आउट त्याच्याच ग्लव्हमध्ये पडला. तरी कारकिर्दीत त्याला सात संघांतून खेळावं लागलं. आणि तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातून आला होता, हे मुलाला जरूर सांगा.

हर्नांडेझची निवड १९७१ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ४२ व्या फेरीत झाली होती. आता ड्राफ्टला फेऱ्याच २० असतात. निवड झाली तरी सुरुवात मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या व्यावसायिक लीगमध्ये. २०२३ च्या करारानुसार त्या वर्षी त्यातल्या खालच्या सिंगल-ए पातळीला वर्षाला किमान २६,२०० डॉलर पगार होता, सर्वात वरच्या ट्रिपल-एला ३५,८००. न्यू जर्सीत एवढ्यात काय होतं ते तुम्ही मला सांगा.

त्याला नाही म्हणू नका, पण कॉलेजमार्गे जाऊ द्या. तिथे बॅटला आणखी तीन-चार वर्षं मिळतात. प्रशिक्षकांना सांगून आउटफिल्डवर उभं करा, थोडं पिचिंगही (चेंडू टाकणं) करून बघू दे. डावखुऱ्याला सेकंड, शॉर्टस्टॉप, थर्ड, कॅचर या जागा कोणी देत नाही. राहिलेल्या जागांपैकी एकच येत असेल तर अवघड आहे.

अभ्यासाचं घाईचं आहे. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या पातळीवर, खेळायचं तर शाळेतले १६ मुख्य विषय (कोर कोर्स) लागतात, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत. याच आठवड्यात शाळेच्या समुपदेशकांकडे त्याचं प्रगतिपत्रक घेऊन जा आणि किती झाले ते मोजा. त्यालाही सोबत न्या.